छपरावरची हळद

हॅलो?… हां, साधना मॅडम, मसाजीच बोलून राहिलो… व्हय व्हय, सिद्धेश्वरच्या टेकडीवरच हाये, दुर्बिणीपाशी.

धर्मसिंग? हाये ना. दोन दिसापासून दुर्बिणीवरलं छप्पर सरकवायची मोटर खोलून बसलाय बिचारा… न्हाई, बिघाड काई सापडंना त्याला.

काय म्हन्ता? मोटरच्या देखभालीचं काम त्याच्याकडून काढून घेनार?… मॅडम, ऐका ना… न्हाई, एक मिनिट ऐका. मी जरा बाजूला येतो.

हां… मोटर बराबर हाये, मॅडम.

व्हय, मीच म्हन्लो होतो अडकली म्हनून. खोटं बोल्लो… काहून म्हंजे… बटन मीच बंद केलतं.

न्हाई, लाईट होती. छपरावर हळद होती… हळद, हळद! उकडून वाळत घातलेली. पत्रा चांगला तापतो, अन् शेळ्या चढत न्हाईत तिथं… शेजारच्या सिंधूबाईची हाये, पन तिला काई बोलू नका, मीच तिला म्हन्लो घाल म्हनून. छप्पर आपोआप सरकलं तर सगळी हळद मातीत. म्हनून दिवसा बटन बंद, सांजच्याला हळद गोळा केली की चालू… रोजच. महिना झाला असंल.

परवा शेळी अडली व्याताना. तिच्यात गुतलो, राहूनच गेलं… आठ वाजता याद आली, तवा बटन चालू केलं.

सव्वासातला निरोप आलता?… ठाव हाये, मॅडम. तुमीच तर शिकवलं. लई लांब तारा फुटतो, उपग्रह कळवतो, दुर्बीण आपली आपन तिकडं वळते. पैल्या पाच-दहा मिनटांचा उजेड, मंग विझत जातो… व्हय. पुन्हा न्हाई दिसत तो.

दुसऱ्या कोनाला घावला का?… कोनालाच न्हाई?… अन् हितं आभाळ निस्तं धुतल्यावानी होतं.

मॅडम, मला शिव्या द्या. लई लाज वाटून राहिली. पाव्हन्यारावळ्यांत छाती फुगवून सांगतो मी, दुर्बीण सांभाळतो म्हनून.

अन् ह्यो धर्मसिंग माझ्याच घरची भाकर खाऊन राहिला. काल जेवताना म्हन्ला, मसाजीभाऊ, माझ्याच हातून काई चुकलं असंल. मी आपली त्याला आनखी एक भाकर वाढली.

काय?… त्याला फोन देऊ?… न्हाई, न्हाई. तुमी नका सांगू. मीच सांगतो… व्हय, आत्ताच… तुमी ऐकत असल्या तर मला जमनार न्हाई, मॅडम. ठेवतो… हां, ठेवतो.

धर्मसिंगभाऊ… तो पाना ठेव खाली. हिकडं बस जरा…