केसपेपरवरचं नाव

तुम्ही हसाल, पण बायकोचं नाव मी पहिल्यांदा घेतलं ते जनावरांच्या दवाखान्यात. अठ्ठ्याण्णव साली, लग्नाला महिना झाला होता, तरी लाजेनं मी तिला नुसतं 'अगं' म्हणायचो.

चांदवडला आमच्या कांद्याच्या बांधाखाली खोकडाची मादी राहायची. खोकड म्हणजे तो लहानसा कोल्हा. तिच्या विष्ठेत जंत दिसले. बरगड्या वर आलेल्या, आणि बिळात पिल्लं. रानातल्या जनावराला डॉक्टर औषध देतील की नाही, या भीतीनं मी कुत्री आजारी आहे असं सांगितलं.

"नाव काय तिचं?" केसपेपर ओढत त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडातून निघालं, "सुमन."

घरी बायकोनं तो कागद हातात घेतला. "सुमन, पोटात जंत," ती मोठ्यानं वाचून थांबली. मी खाली मान घालून सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता ही माहेरी जाते.

तिनं भाकरी कुस्करली, त्यात गोळ्यांची पूड आणि चमचाभर तूप कालवलं.

"अहो, चला, बीळ दाखवा," ती म्हणाली. "माझं नाव दिलंय तुम्ही तिला. आता ती जगायलाच पाहिजे."