आनखी एक कागद

माझं नाव रुकय्या. गाव राजपुरी, मुरुडजवळचं, जिथनं होड्या समुद्रातल्या किल्ल्यावर जातात ना, तेच. आमी सिद्दी. आमचे पूर्वज कधी काळी आफ्रिकेतनं आले, किती पिढ्या झाल्या कोन मोजतंय, त्या किल्ल्यावर त्यांनी राज्य केलं, पन आमच्या वाट्याला राज्य काय आलं नाय, हा रंग आला आनि हे केस आले. माझे बाबा होडीवर होते. पर्यटकांना किल्ल्यावर न्यायचं, परत आनायचं. होडीत गाईड सांगायचा, हे सिद्दी लोक फार शूर, फार इमानी, आनि लोक माना हलवायचे, आनि समोर शीड सांभाळतोय तो मानूस सिद्दीच हाय हे त्यांच्या गावीही नसायचं. बाबा गालात हसायचे. बोलनं कमी त्यांचं. बोलायचं सगळं माझ्या वाट्याला आलं, बगताय ना तुमी ताई, तुमचा चहा गार झाला. थांबा, दुसरा करते.

तर शाळा मराठी. कविता पाठ, पाढे पाठ, अडीचकीसुद्धा. बारावीला सायन्स घेतलं, चांगले मार्क पडले, आनि आमचे गुरव सर घरी आले, बाबांना म्हनाले, हिला मुंबईला पाठवा, नर्सिंगची डिग्री करू दे, मार्कांवर नंबर लागतोय. मला तर नर्सच व्हायचं होतं. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई अडली होती, तवा एक नर्सबाई पावसातनं चालत आल्या, त्यांनी आईला वाचवलं, ते मी दारात उभी राहून बगितलेलं. तवापासून डोक्यात तेच.

यादीत नाव लागलं हो! गुरव सरांनी पेढे वाटले. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, आमी दोघं एस्टीनं मुंबईला गेलो. कॉलेजचं नाव नाय सांगत, कशाला, आता तिथं दुसरी मानसं असतील. खिडकीपाशी रांग. माझा नंबर आला, क्लार्कनं वर बगितलं आनि इंग्लिशमध्ये म्हनाला, परदेशी विद्यार्थी चार नंबरच्या खिडकीवर. मी म्हनाले, सर मी मुरुडची हाय. तो बगतच राहिला. मंग त्यानं शेजारच्याला हाक मारली, अरे ऐक, ही मराठी बोलते! आनि मला म्हनाला, बोल, अजून कायतरी बोल. ताई, मी बोलले. मी त्याला अडीचकी म्हनून दाखवली. मागं रांगेतली पोरं हसली, बाबा माझ्या बाजूला उभे. तो अडीचकीवाला क्षन अजून सलतो मला. प्रवेश गेला त्याचं दुःख वेगळं. मी म्हनून दाखवली, त्याचं वेगळं.

आनि मंग सुरू झालं. शाळेचा दाखला दिला. तो म्हनाला, तुझा ठीक हाय, बापाचा आन. आमी परत राजपुरी, बाबांच्या शाळेचा दाखला काढला, परत मुंबई. तर म्हनाला, आता आजोबांचा कायतरी पुरावा आन, तुमी लोक इथले कशावरनं? परत गाव. तलाठ्याकडं तीन दिवस. जुना उतारा मिळाला तो घेऊन पोचलो, तर म्हनाला, मुदत काल संपली. बस. मला नाय असं कोनी म्हनालंच नाय हो. नुसतं आनखी एक कागद आना, आनखी एक कागद आना, एवढंच म्हनत राहिले. भांडायचं कोनाशी?

त्या दिवसापासून बाबा कागद जमवायला लागले. मरेपर्यंत. आज्याच्या नावाचा उतारा, पंज्याच्या वेळची मशिदीची नोंद, सरपंचाचं पत्र, मतदार यादीचं पान, जे मिळेल ते आनायचे आनि एका फाईलीत लावायचे. आई म्हनायची, आता कोनाला दाखवायचेत, मुदत गेली की. ते म्हनायचे, असू दे, पुन्हा कोनी विचारलं तर? माझ्या लग्नात लोकांनी भांडी दिली, बाबांनी फाईल दिली. हसू नका ताई, खरंच दिली, हिरव्या रुमालात बांधून. पुढंही कागद मिळाला की मी सुट्टीत गेल्यावर हातात ठेवायचे.

मी मंग सहा महिन्यांचा मदतनिसाचा कोर्स केला. इकबालशी लग्न झालं, तो इथं जेद्दाला बंदरावर ट्रक चालवायचा, अजून चालवतो, त्याच्या इकाम्यावर, म्हंजे इथल्या राहन्याच्या परवान्यावर, मी आले आनि पुढं हॉस्पिटलात लागले. बॅजवर लिहिलंय हेल्पर. बावीस वर्षं हेल्पर. नवीन नर्स पोरी येतात, एखाद्या म्हाताऱ्या हाजीची शीर सापडत नाय, की त्या हळूच मला हाक मारतात, चेची, जरा बगा ना. केरळच्या पोरी मला चेची म्हनतात, म्हंजे ताई. मी फक्त बोट ठेवून दाखवते, सुई लावायची मला परवानगी नाय. त्या सुई लावतात, वहीत त्यांची सही होते. त्यांच्यावर राग नाय माझा, गुनी पोरी हायत. पन ते बोट ठेवताना दर वेळी वाटतं, ही सही माझी असती.

लोक विचारतात, इथं कसं वाटतं? इथं मला बगून कोनी थबकत नाय. माझ्या रंगाची मानसं इथं पदोपदी, दुकानदार माझ्याशी धडाधड अरबी बोलतो, सुदानी बायका मला आपल्यातली समजून सुखदुःख सांगतात. आनि इथं मी बाहेरची, ते इकाम्यावर लिहिलेलंच हाय, त्यात अपमान कसला? आपल्या घरी जाऊन बाहेरची झाले, अपमान तो.

पन सवय लागली ना ती लागली. कुठल्याही खिडकीवर जायचं तर फाईल काखेत. आता इथं सगळं फोनवर झालंय, इकामा फोनवर, लायसन फोनवर, तरी मी फाईल घेऊन. माझी लेक सना, एकुलती एक, ती चिडवायची, मम्मी, खुब्ज लेने जा रही हो, फाईल ले ली ना? खुब्ज म्हंजे इथली रोटी. इथल्या इंडियन शाळेत शिकली, मी मराठीत बोलायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, आमचं असंच चालतं. आनि केस! मी तेल चोपडून घट्ट वेनी घालायची, ती शाळेच्या बसमध्ये चढली की सोडायची. मला वाटायचं, पोरीला जगाची अक्कल नाय.

सनाला फिजिओथेरपी करायची होती. आपल्याकडच्याच एका कॉलेजात, बाहेर काम करनाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी काही जागा असतात, त्यात तिचं नाव लागलं. इकबालला आभाळ ठेंगनं झालं. मला मात्र जुनं आठवलं. सगळं तेच, नाव लागलं, खिडकी, कागद तपासनी, शेवटची तारीख. मी फाईल काढली, एकेक पान तिला समजावलं, हे नानाचे, हे नानाच्या बापाचे, मागितलं की लगेच द्यायचं, वाद घालायचा नाय. तिनं सगळं ऐकून घेतलं. फाईल तिच्या बॅगेत मी माझ्या हातानं ठेवली.

विमानतळावर तिला सोडून घरी आलो, आनि बगते तर तिच्या उशीखाली फाईल! फोन लावला, बंद, पोरगी आकाशात. मी इकबालवर ओरडले, त्या बिचाऱ्याचा काय दोष, मंग रडले, मंग बाबांचा रुमाल हातात घेऊन बसून राहिले. वाटलं, मरेपर्यंत एका मानसानं जमवलेलं हिनं उशीखाली टाकलं. फार बोलले मी तिला मनातल्या मनात.

पुढचं माझ्या भावानं सांगितलं, तो गेला होता तिच्याबरोबर. ती खिडकीवर केस मोकळे सोडून गेली. क्लार्कनं बगितलं, म्हनाला, परदेशी नागरिक पलीकडं. तीस वर्षांनी, ताई, मानूस दुसरा, वाक्य तेच! ती म्हनाली, मी भारतीय, हा पासपोर्ट. त्यानं उलटून पालटून बगितला, जेद्दात काढलाय, म्हनाला, आजोबांचा कायतरी पुरावा हाय का? आता बोला! आजोबांचा पुरावा तर फाईलीत पहिल्याच पानावर होता, आनि फाईल इथं माझ्या मांडीवर.

पोरीनं आवाज चढवला नाय. म्हनाली, अंकल, तुमच्या यादीत सात कागद हायत, मी सात दिले. आठवा हवा असेल तर यादीवर लिहा, खाली सही करा, मी आनते. तो म्हनाला, बाजूला उभी राहा. ती राहिली. नाय हलली. तासभर, दीड तास. आनि काय केलं माहितीये? रांगेतनं जो येईल त्याला विचारायची, अगदी गोड आवाजात, तुमच्या आजोबांचा कागद मागितला का हो? एक म्हातारे नातीबरोबर आलेले, ते म्हनाले, माझा कागद? अगं, मी स्वतःच आलोय की! सगळी रांग हसली, पन ह्या वेळी आमच्यावर नाय हसली. मागं मनिपूरची एक मुलगी होती, तिलाही पलीकडच्या खिडकीवर पाठवत होते, सनानं तिचा हात धरला आनि आपल्याजवळ उभं केलं. मंग आतनं एक मॅडम आल्या, क्लार्कला म्हनाल्या, काय हवंय ते लिहून द्या ना हिला. त्यानं पेन घेतलं हातात. घेतलं आनि ठेवलं. काय लिहिनार? मंग ठक्कन शिक्का मारला, तिच्या कागदांवर आनि त्या मनिपूरच्या पोरीच्यासुद्धा.

संध्याकाळी सनाचा फोन आला. मी आधी झापलंच. म्हटलं, सटवे, फाईल का ठेवून गेलीस, दोन मिनिटांत काम झालं असतं. ती म्हनाली, पास होती तो दे देती ना, मम्मी.

जवळ असती तर दिली असती. खरं हाय. मी देतच गेले, बाबा देतच गेले, आनि मागनाऱ्याला आमी सवय लावली. माझ्या अठरा वर्षांच्या पोरीला हे कळलं, आनि ती मला तसं म्हनालीसुद्धा नाय, नुसतं एवढंच म्हनाली. मी फोन ठेवला आनि खूप वेळ रडले, पन ते रडनं वेगळं होतं. बाबा असते तर गालात हसले असते.

आता कॉलेजात दुसरं वर्ष चाललंय तिचं. केस अजून मोकळेच. अल्ला तिला उदंड आयुष्य देवो, आनि तुमच्या लेकरांनाही, ताई.

फाईल कपाटावर हाय, नव्या पिशवीत, धूळ लागू नये म्हनून. टाकनार नाय, आमची हाय ती. पन ती ठेवायची, दाखवायची नाय. रविवारी, इथं तो कामाचाच वार, माझ्या पासपोर्टाचं नूतनीकरन हाय. इकबाल म्हनतो, घेऊन जा की, काय बिघडतंय? माझाही हात सारखा जातो तिकडं, खोटं कशाला बोलू. पन यादीत पाच कागद लिहिलेत, मी पाचच काढून ठेवलेत, बगा, टेबलावर हायत. सहावा मागितला तर म्हनेन, लिहून द्या भाऊ, खाली सही करा. अडीचकी मी आता कोनाला म्हनून दाखवनार नाय.