कासवांच्या किनाऱ्याला जाताना

मस्कतमधल्या अल् घुब्राच्या गॅरेजमध्ये गाडीला ट्रेलर ओढायचा हूक बसवून घेत एक नवराबायको माझ्याशेजारी बसले होते.

“वसुंधरा, आधी रास अल् जिन्झची कासवं, मग जबल समहानचं अभयारण्य. आठ दिवस.”

“अहो, आपली उर्वी पाच वर्षांची असताना तिथं गाडीतच झोपलो होतो, आठवतं?”

“तुझ्या मांडीवर तिचं डोकं, माझ्या पोटावर पाय! आता ट्रेलरमध्ये चार बिछाने आहेत. लेक-जावई पुण्याहून येऊ देत.”

“गाईड म्हणाला होता, कासवीण जन्मली त्याच किनाऱ्यावर परत येते. तर उर्वी म्हणाली, मी पण इथलीच ना?”

“हं. कालच तिच्या टूरिस्ट व्हिसाचा फॉर्म भरला.”

“जन्मगाव काय लिहिलंत?”

“मस्कत.”