दाराजवळचा गालिचा

…नाही, उस्ता, तो राहू द्या. बाकीचे न्या, बैठकीतला न्या, आतल्या खोलीतला न्या, पण हा दाराजवळचा नाही द्यायचा धुवायला. फोनवर तुम्हाला ‘घरातले सगळे’ असं सांगितलं होतं ना, माहितीये मला—फोन मीच केला होता—म्हणजे मीच केला असेन, या दिवसांत कोणी कोणाला काय सांगितलं ते कुठे लक्षात राहतं? नववर्ष तोंडावर आलंय, सगळं झंजान शहर घरं उलटीपालटी करून झाडतंय, गच्च्यांवरून पडदे लोंबतायत, वरच्या बतूल खानमनं तर भिंतीसुद्धा साबणानं घासल्या, ते पाणी आमच्या जिन्यात. वर आम्हालाच टोमणा—तुमच्या खिडक्यांतून आता सूर्यसुद्धा आत यायला लाजत असेल, म्हणे. चहा घेता? नको? बरं. पण ते टोक सोडा आधी हातातलं.

कसला आवाज तो?—तुमच्या गाडीचं फाळकं आपटलं होय. दचकलेच मी. हल्ली असंच होतं, पातेल्यावरचं झाकण पडलं तरी दाराकडे बघते. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकले, आवाज म्हणजे हवेची थरथर असं वर्गात शिकवते, आणि जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं टाकून दाराशी धावते. हसताय? हसा. मीसुद्धा हसते कधीकधी.

खरं सांगू का, गालिचा द्यायला आईच नको म्हणते. जुन्या वळणाची बाई. माझा भाऊ, बाबक, गेल्या वसंतात सरहद्दीजवळच्या उर्मियाकडून डोंगर ओलांडून तुर्कस्तानात जायला निघाला—तिकडे काम मिळतं म्हणून, कसा गेला ते विचारू नका, जसे सगळे जातात तसा गेला—आणि तुम्हाला माहितीच आहे, माणूस प्रवासाला निघाला की तो पोहोचल्याची खबर येईपर्यंत त्याच्यामागे केर काढायचा नाही. काढला तर त्याची परतीची वाट पुसली जाते. आता खबरच आली नाही, तर केर कधी काढायचा? बाकीचं घर झाडलं हो आम्ही, अगदीच काही उकिरड्यात राहत नाही, पण हा एवढा तुकडा नाही. हे बघा, इथं—नाही, पाय नका ठेवू—हा त्याच्या बुटाचा ठसा. निघाला आणि हातमोजे राहिले म्हणून उलटा आत आला, बूट न काढता, चिखलाच्या पायानं थेट गालिच्यावर. एरवी आईनं घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तिनं फक्त हातमोजे शोधून दिले. मीच म्हणाले, गाढवा, कोण धुणार हे? तर म्हणाला, तू धू, तुला दुसरं काम काय आहे. आणि ही सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, त्याचीच. बोलता बोलता फोडायचा आणि गालिच्याखाली सारायचा, जशी काही आम्हाला दिसत नाहीत.

वास येतोय ना? हलवा आहे, गेलेल्यांच्या नावानं करतात तो. कणीक भाजतेय आई. आज वर्षातला शेवटचा गुरुवार—वडिलांसाठी असेल, दरवर्षी करतेच ती वडिलांसाठी. गेलेली माणसं आज आपापलं घर बघायला येतात, घर लखलखीत दिसलं तर आशीर्वाद देऊन जातात, मळकं दिसलं तर रडत परत फिरतात, असं म्हणतात. म्हणतात बापडे. माझा विश्वास नाही. पण काल संध्याकाळी पडदा हलला, खिडकी बंद होती, आणि मी—जाऊ द्या.

काय म्हणालात? फोनवरचा आवाज म्हातारीचा होता?

हो. आईचाच. तिनंच बोलावलं तुम्हाला. मला आज सकाळी कळलं, ती या गालिच्यावरच्या चपला उचलत होती तेव्हा. मी म्हटलं, आई, हे काय करतेस? म्हणाली, उस्ता येतायत न्यायला. गेल्या आठवड्यात फोन आला होता—त्याच्याबरोबर निघालेला एक जण, तिकडे तुर्कस्तानात व्हान शहरात पोहोचलाय, इतके महिने कुठं होता देव जाणे. तो म्हणाला, वर बर्फाचं वादळ झालं, आम्ही पांगलो, मग बाबक मला दिसला नाही. दिसला नाही, एवढंच. दिसला नाही म्हणजे मेला असं होतं का? मला तुम्ही सांगा, तुम्ही बाहेरचे आहात. मीही रोज कितीतरी माणसांना दिसत नाही. पण आईनं फोन ठेवला आणि कणकेचा डबा काढला. आज दोन ताटल्या मांडल्यात तिनं. एक वडिलांची.

मी भांडले. म्हटलं, तो वाटेत असेल आणि तू त्याची वाट पुसतेस. तर तशीच कणीक हलवत म्हणाली, ‘वाटेत असेल तर तो उद्याही येईल, परवाही येईल. पण गेला असेल, पोरी, तर त्याला आजचाच दिवस आहे. दारातच चिखल बघून परत जाऊ दे का त्याला?’

तिला अडवता येईना. म्हणून तुम्हाला दारातच अडवलं. आईला नकोय म्हणाले. आईला हवंय, उस्ता. मलाच—

गुंडाळा. हळू. झटकू नका हं, इथं तर मुळीच नको, तिकडे नेऊन काय ते करा, मला दाखवू नका. थांबा, हे टोक मी धरते.

गालिच्याला बांधायच्या चिंधीवर नाव लिहायचं? कोणाच्या हाती परत द्यायचा ते? बाबक लिहा. नुसतं बाबक.—हो आई, देतेय, दिला गालिचा, ओरडू नकोस—लिहा ना, उस्ता, पेन का थांबलं तुमचं? घरी असेल तर तोच घेईल. नसेल तर मी आहेच.

झालं? मग निघा आता. मला झाडायला घ्यायचंय.