उंबऱ्याबाहेरचे बूट

हसू नका, पण मुरबाडच्या त्या जुन्या वाड्यात आमचं प्रेमाचं नाटक माझ्या बुटांनी बुडवलं. शाळेच्या स्टेजवर तालमी झाल्या, तेव्हा सगळं ठीक होतं. प्रयोगाला मात्र वाड्यात खरा उंबरा दिसला आणि सवयीनं बूट बाहेर काढूनच मी नायिकेला भेटायला आत शिरलो. तेवढ्यात तिचा बाप झालेले दामूकाका आले. मी पडद्याआड लपलो.

"कोन आलंय गो?"

"कोन नाय, बाबा."

"मग हे बूट कोनाचे?"

"तुमचेच!"

काकांनी हट्टानं पाय बुटात कोंबला. माझ्या खऱ्या लग्नातले बूट! मी पडद्यामागून ओरडलो, "काका, आधी लेस सोडा, फाटतील!"

तिसऱ्या अंकात जमायचं लग्न काकांनी पहिल्याच अंकात लावून टाकलं.