माझ्या मयताची रंगीत तालीम

...नाही, पण मी म्हणतो, मारायला मीच का सापडलो? जुलै होता की सप्टेंबर, ते आता नक्की सांगता येणार नाही. पुरिंग, म्हणजे आमची बायको, म्हणते जुलै, मला वाटतं सप्टेंबर, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसानं स्वतःच्या आठवणीवर फार विसंबू नये. पण त्या दिवशी मी मेलो होतो, आणि मला मारलं ते कॅप्टन दोरिंगनं, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही! कॅप्टन म्हणजे पलटणीतली नव्हे हो, गावची सरपंच.

तुम्हाला सांगतो, आमचं गाव मायोन डोंगराच्या पायथ्याशी. डोक्यावर ज्वालामुखी, पुढ्यात समुद्र, पायाखाली मधूनमधून भूकंप, आणि वादळं तर काय, लेकीच्या सासरच्या माणसांसारखी, कळवून येतात पण जायचं नाव घेत नाहीत. पाऊस मुरला की डोंगरावरची राख चिखल होऊन सुटते आणि वाटेत येईल ते घेऊन समुद्राला मिळते. म्हणून गावात आपत्ती समिती. आणि एक असती तर! इशारा देणारी वेगळी, शोधणारी वेगळी, उचलणारी वेगळी, भात शिजवणारी वेगळी, डुकरं हलवणारी वेगळी... हसू नका, डुक्कर मागं ठेवून आमचा माणूस जागचा हलत नाही! प्रत्येक समितीला वेगळ्या रंगाचं जाकीट, प्रत्येक जाकिटावर आमदाराचा फोटो, आणि वर्षातून एकदा सगळ्यांची मिळून तालीम.

त्या वर्षी प्रांताचे परीक्षक येणार होते. पहिल्या आलेल्या गावाला बचावाची मोटरबोट! आणि बोट आम्हाला हवीच होती हो, कारण मागच्या पुरात आमच्या शेजारच्या कुलासनं आपल्या मासेमारीच्या होडीतून माणसं काढली, आणि माणसं काढता काढता होडीच गेली. पण माझा जीव टांगला होता तो दुसऱ्याच गोष्टीला. परीक्षक त्याच दिवशी गावाचं आसऱ्याचं ठिकाण मंजूर करणार होते, आणि दोरिंगनं त्यासाठी सुचवलं होतं बास्केटबॉलचं मैदान. पक्कं छप्पर, सिमेंटची जमीन, सगळं खरं, पण मी विद्यापीठात जन्मभर नद्यांचा गाळ शिकवला, जुने नकाशे काढले, उतार मोजले, आणि माझ्या गणिताप्रमाणे ते मैदान नदीच्या जुन्या पात्रात बसलं होतं! पश्चिमेच्या ओढ्यानं चिखल सुटला की तो थेट तिथंच. अख्खं गाव आत झोपलेलं, आणि... आता गणित माझं, म्हणजे चुकलेलंही असू शकेल. मी पुन्हा केलं. तेच उत्तर. मग जास्तच शंका आली.

म्हटलं, परीक्षक आले की त्यांच्याशी चार शब्द बोलून घेऊ. तर सकाळी दोरिंग म्हणते, "प्रोफेसर, तुम्ही मयत."

"कोण? मी? अगं, जखमी कर मला! पाय मोड हवा तर!"

"पाय मोडलेले रगड झालेत. ओरडायला सगळ्यांनाच आवडतं. मरायला कोणी तयार नाही, अपशकुन म्हणतात. तुम्ही शिकलेले, तुम्हाला काय त्याचं?"

आणि मनगटाला काळी पट्टी. लाल पट्टी म्हणजे आधी उचला, पिवळी म्हणजे थांबेल, हिरवी म्हणजे चालेल, आणि काळी म्हणजे संपलं. काळ्या पट्टीचा माणूस हलला की गुण गेले, बोलला की बोट गेली! मी म्हटलं, "दोरिंग, मला साहेबांना एक सांगायचंय..." ती म्हणाली, "तालीम संपल्यावर सांगा." "पण सही तर तालमीतच होणार!" तोवर ती निघून गेली. मेलेल्या माणसाला विचारतो कोण?

मैदानाच्या मधोमध मला बाकावर झोपवलं, हनुवटीपर्यंत चादर. मग आली मयत व्यवस्था समिती, म्हणजे चर्चमधल्या बायका. आता गंमत बघा, या समितीनं करायचं काय, हे प्रशिक्षणात कोणी सांगितलंच नव्हतं! आणि मयत समोर असलं की आमच्या लोकांना एकच गोष्ट येते, मयत जागवणं. त्यांनी मेणबत्त्या लावल्या. कॉफी आली, बिस्किटं आली, पिलीची बी, म्हणजे आमच्याकडचा बदाम, गुळात घोळून आली. आणि कुलास पत्ते पिसत माझ्या उशाशी बसला, कारण मयताशेजारी पत्ते खेळले नाहीत तर मयताचा अपमान!

"हुशार होता हो बिचारा," पान टाकत कुलास म्हणतो.

"हुशार होता, पण उत्तर आलं की खोडून टाकायचा," दुसरा कोणीतरी.

"मागं मला विचारत होता, कुलास, भरती किती वाजता? मी सांगितलं. तर म्हणे, नक्की का? अरे, समुद्र काय माझ्या घरचा आहे का?"

आणि हसतायत! माझ्या नाकावर माशी, पाठीत कळ, कॉफीचा वास थेट मेंदूत, आणि जिभेवर नदीचं जुनं पात्र! पण मेलेल्या माणसाला विचारतो कोण?

तेवढ्यात परीक्षक आले. पावलांचा आवाज, मागं दोरिंगचा मधाळ आवाज, "या साहेब, हा आमचा मयत विभाग." साहेब थक्क! म्हणाले, "इतकी गावं पाहिली, पण मयताची इतकी आस्थेनं व्यवस्था... वा!" आणि मग पुरिंगनं टाहो फोडला.

तुम्हाला सांगतो, मी जन्मभर समजत होतो की जेवताना मी ओढे आणि उतार बोलतो तेव्हा ही माशाचे काटे काढत असते. पण तिनं काय करावं? माझ्या छातीवर डोकं आपटून, "अहोऽऽ, तुम्ही गेलात होऽऽ! आता या मैदानाचं कोण सांगणार होऽऽ! पश्चिमेच्या ओढ्याचं कोण बोलणार होऽऽ! जुन्या पात्रात गाव झोपवणार हो ही माणसंऽऽ!" एकूण एक मुद्दा! मला चादरीखाली भरून आलं.

साहेब म्हणाले, "या बाईंना अभिनयाचे वेगळे गुण द्या."

संपलं! मी एक डोळा किंचित किलकिला केला. साहेबांनी पेन काढलं होतं. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? बोललो तर बोट गेली, गप्प बसलो तर गाव गेलं, आणि गणित चूक असलं तर बोटही गेली आणि अब्रूही! पेन कागदाला टेकलं... आणि मी उठून बसलो.

"साहेब, सही करू नका! चिखल इथंच येणार!"

अहो, काय किंकाळी उठली! बायकांनी छातीवर क्रॉसची खूण केली, मेणबत्त्या आडव्या, कुलास हातातली पानं न सोडता थेट कुंपणापलीकडे! साहेबांचं पेन खाली. पण दोरिंग? तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "बघितलंत साहेब? आमच्याकडे मेलेला माणूससुद्धा पुन्हा तपासतात! चला, काळी काढा, लाल बांधा!"

आणि उचलणारी समिती, जी सकाळपासून उचलायला कोणी नाही म्हणून ताटकळत बसली होती, ती तुटून पडली. पट्ट्यांनी हात बांधले, मान बांधली, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा! मी आतून ओरडतोय, "नदी! नदी!" आणि बाहेर ऐकू येतंय फक्त बुडबुड. साहेब खाली वाकून म्हणाले, "भ्रमात बोलतायत! किती बारकाईनं बसवलंय!" आणि माझ्या डोळ्यांदेखत सही केली. मेल्यावर निदान तोंड तरी मोकळं होतं हो, जिवंत झालो आणि तेही गेलं!

रुग्णवाहिकेतून शहरात नेलं, डॉक्टरनं तपासलं आणि धडधाकट म्हणून हाकललं. पुरिंग न्यायला आली. आणि घराकडे वळायचं सोडून बेकरीकडे निघाली.

"अगं, घर इकडे!"

"मयतावरून सरळ घरी? डोकं फिरलंय का तुमचं? मधे कुठंतरी थांबायचं असतं, नाहीतर मेलेला मागोमाग घरात येतो."

"अगं, मेलेला मीच!"

"म्हणून तर जास्त जपायचं!"

खाल्ला पाव. बसलो. मेलेल्या माणसाला विचारतो कोण?

गाव पहिलं आलं, बोट आली, तिला हार घातला. मी दोरिंगच्या दारी जात राहिलो, ती म्हणत राहिली, "साहेबांची सही झालीय, प्रोफेसर. आता ते ठिकाण हलवायला वरून माणूस यावा लागेल." घरी येऊन मी पुन्हा गणित करायचो. झोप नाही, अन्न गोड लागत नाही, पाऊस लागला की उठून ओढा बघून यायचो.

आणि वर्ष संपायच्या आत आलंच वादळ. भोंगा झाला, जाकिटं धावली, डुकरं निघाली, सगळं तालमीसारखं चोख! आणि मैदानाच्या फाटकाशी अख्खं गाव थबकलं. एकही पाऊल आत पडेना.

"तिथं झोपायचं? जिथं मयत उठून बसलं तिथं?"

दोरिंग भिजत ओरडतेय, "अहो, जिवंत होता तो! हा काय इथं उभा आहे!"

"आत्ता आहे," कुलास म्हणाला. "तेव्हा काळी पट्टी होती."

आणि वळली की हो सगळी! पोरं, म्हाताऱ्या, डुकरं, भाताची पातेली, सगळी चढणीवरच्या शाळेत. मीही गेलो. मला भिंतीशी ऐसपैस जागा मिळाली, कारण शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं.

सकाळी खाली पाहिलं. मैदानात चिखल होता, थेट बास्केटच्या कड्यांपर्यंत. गावातलं एक माणूस गेलं नाही, एक डुक्कर गेलं नाही. पुरिंग माझा हात धरून उभी राहिली. आणि मी, काय सांगू तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा मनाशी म्हणालो, बरोबर होतं आपलं!

बरीच वर्षं गेली. मग मनिलाहून भूगर्भवाली तरुण मंडळी आली, मैदानाच्या कडेनं खोल भोकं पाडली, मातीचे थर काढले, आणि मी माझे कागद घेऊन मोठ्या ऐटीत त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी फार आदरानं सगळं वाचलं. मग दाखवलं. मी शंका काढल्या, पुन्हा बघायला लावलं, त्यांनी पुन्हा बघितलं. पश्चिमेच्या ओढ्यातून चिखलाचा एक थेंब आला नव्हता, सगळा आला तो पूर्वेकडून, आणि त्या मैदानाखाली नदी कधी वाहिलीच नव्हती.