कालचा प्रवाह

शहाद्याच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर इंजिनीअरिंगची दोन मुलं लॅपटॉप उघडून बसली होती.

"सुनिता, तापीच्या पुराचं पाणी आमच्या काठावरच्या पंपाच्या मोटरीपर्यंत संध्याकाळी सहाला पोचतंय. आप्पांना सांगितलंय तसं."

"सकाळी वरच्या धरणातून पाणी वाढवलं, ते हिशेबात धरलंस?"

"धरलं ना. प्रवाहाचा आकडा बदलला."

"आणि ते एका ओळीतलं बिननावाचं फंक्शन?"

"ते कालच केलंय. पाणी पोचायची वेळ काढणाऱ्या सॉल्व्हरला त्याचंच हँडल दिलं, म्हणजे तो तेच फंक्शन वापरतो."

"भाग्येश, फंक्शन बनवताना जो आकडा असतो, तोच ते धरून ठेवतं. आजचा प्रवाह त्याला माहीतच नाही."

"वर बदलला तरी?"

"तरी. ती ओळ परत चालव. आता सॉल्व्हर."

"दोन! पाणी दोनलाच पोचतंय."

"दीड वाजून गेलाय. फोन लाव."

"हॅलो, आप्पा... आई, तू? आप्पा कोठे शेतस?... लगेच कोनले तरी नदीवर धाड."

"काय म्हणाल्या?"

"आप्पा फोन घरी ठेवून मोटर काढायला गेलेत. सहापर्यंत वेळ आहे म्हणून जेवणाचा डबाही तिकडेच नेलाय."